पार्किन्सन्स: कंपापलीकडचं

हात थरथरला की पार्किन्सन्स, असं सरसकट धरू नका. या आजारातला कंप बहुधा हात मांडीवर निवांत असताना दिसतो. पेला उचलायला गेलं की कमी होतो. काहींना कंप नसतोच. निदानाचा मुख्य आधार म्हणजे मंदावलेल्या हालचाली: शर्टाची बटणं लावायला लागणारा वेळ, चालताना एकच हात न हलणं, ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाणारं अक्षर. वास न येणं, बद्धकोष्ठता या तक्रारी कित्येकदा काही वर्षं आधीच सुरू झालेल्या असतात. पण तिकडे लक्ष कोण देतो!

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७मध्ये या आजाराचं वर्णन केलं. यात मेंदूतल्या, हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. लेव्होडोपाच्या गोळीपासून मेंदू डोपामिन तयार करतो. लक्षणं आटोक्यात येतात, आजार बरा होत नाही.

ही गोळी उसळ-पनीरच्या जेवणासोबत घेतली, तर प्रथिनांमुळे तिचा गुण कमी येऊ शकतो. म्हणून ती बहुधा जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं, पण चालू गोळ्यांच्या जोडीला तिचं चूर्ण परस्पर सुरू करू नये. गोळ्या एकाएकी बंद करणं तर त्याहून धोक्याचं.