धरावे, पण सावरू द्यावे

कबड्डीच्या नियमांत एक कलम आहे. चढाईपटूला धरायचे ते हातापायांना किंवा धडाला. शरीराच्या इतर कुठल्याही भागाला जाणूनबुजून धरले, तर तो बाद नाही. मान नाही, केस नाहीत, तोंड नाही. सात जणांनी मिळून एकाला जमिनीवर आणायचे ही ज्या खेळाची रीतच आहे, त्या खेळाने माणसाच्या शरीरावर एवढी नेमकी सीमा आखली आहे, हे पहिल्यांदा ध्यानात आले की थक्क व्हायला होते. कारण ही सीमा कुणाच्या लहरीने ठरलेली नाही. हाडे कुठे सोसतात, श्वास कुठे अडतो, पडताना माणूस स्वतःला कसा वाचवतो, याचे सगळे ज्ञान त्या दोन ओळींत साठलेले आहे.

यवतमाळ जिल्ह्यात कबड्डी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा, वणी, उमरखेड, घाटंजी, कुठेही जा. फक्की मारलेल्या रेषा आणि कडेने दाटलेली माणसे दिसणारच. शाळांच्या स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, जिल्ह्याला येतात, तिथून अमरावती विभागाला आणि मग राज्याला जातात; १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे त्यांचे गट. आणि शेजारच्या अमरावतीचा मान तर जगावेगळा. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत हा खेळही होता. म्हणजे आपल्या भागातली पोरे ज्या मातीत झटतात, तिच्या अगदी जवळून हा खेळ जगासमोर गेला.

आता एक पकड जवळून पाहू. चढाईपटू निदान रेषा ओलांडून आत शिरतो आणि बोनससाठी पाय लांबवतो. त्या क्षणी त्याचे जवळजवळ सगळे वजन एकाच पायावर असते. कोपऱ्यातला मुलगा नेमका हाच क्षण साधतो. तो खाली झेपावतो, घोटा दोन्ही हातांत घेतो आणि छातीशी आवळतो. वरचे शरीर मध्यरेषेकडे निघालेले, पाय मात्र मागे अडकलेला. गुरुत्वमध्य पायांच्या आधाराबाहेर जातो आणि चढाईपटू कोसळतो. पंचेचाळीस किलोचा पोरगा पंचावन्न किलोच्या पोराला असा थांबवू शकतो, कारण इथे ताकदीपेक्षा वेळ मोठी. पण खरी गंमत यापुढची आहे. पडणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे आहेत. तो तळहात टेकतो, खांदा वळवतो, हनुवटी आत घेतो. तो अडकला आहे, पण स्वतःला सावरू शकतो.

चांगली पकड आणि धोकादायक पकड यांतला सगळा फरक इथे आहे. चांगली पकड पळायची वाट बंद करते. धोकादायक पकड सावरायची वाट बंद करते. नियमपुस्तकातली एकेक मनाई या कसोटीवर घासून पाहा, ती लख्ख उमगते.

पायांची कात्री घ्या. बचावपटू आडवा होऊन चढाईपटूचे पाय आपल्या दोन पायांत अडकवतो आणि अंग टाकून पिळतो. पाऊल जमिनीला रुतलेले, वरून दुसऱ्याचे सगळे वजन बाजूने येते, आणि गुडघा हा मुळात पुढे-मागे वाकणारा सांधा. बाजूच्या पिळाला त्याच्याकडे उत्तर नाही. ताण जातो तो अस्थिबंधांवर. कबड्डीने ही कात्री फाउल ठरवली. तिकडे जपानमध्ये १९८० साली थोर ज्युदोपटू यासुहिरो यामाशिता यांच्या पायाचे हाड अशाच एका कात्रीच्या डावात मोडले, आणि पुढे ज्युदोतही तो डाव बंद झाला. दोन खेळ, दोन देश, एकमेकांना न विचारता एकाच निष्कर्षावर आले. गुडघा सगळीकडे सारखाच असतो, हेच त्याचे कारण.

दुसरी मनाई तोंड दाबण्याची आणि गळा आवळण्याची. या खेळात श्वास हेच घड्याळ आहे. चढाई चालू असेपर्यंत चढाईपटूला दम सोडता येत नाही. ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणताना हवा बाहेरच जात राहते. त्याला धरले जाते तेव्हा छाती बरीचशी रिकामी असते, स्नायू मात्र जिवाच्या आकांताने मध्यरेषेकडे ओढत असतात आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत चाललेला असतो. अशा वेळी गळ्यावर हात पडला, तर हिशेब गुणांचा राहत नाही. म्हणून नियम सांगतो की असा दम तोडला, तर चढाईपटू बाद नाही. गुन्ह्याचा फायदा जागच्या जागी शून्य. किती साधी आणि किती शहाणी शिक्षा आहे ही!

हीच कसोटी दूरच्या रग्बी लीगलाही लागू पडते. १८९५ साली इंग्लंडमधल्या हडर्सफिल्ड गावी जन्मलेल्या परंपरेतला हा तेरा-तेरा जणांचा खेळ. त्यात चेंडू घेऊन धावणाऱ्याला धडक देऊन पाडणे रीतसर आहे. पण त्याला उचलून आडव्या रेषेपलीकडे उलटे करणे हा मोठा गुन्हा. कारण पाय वर आणि डोके खाली गेले की हात टेकायला जागा उरत नाही. मार्च २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात तीन जणांच्या अशा पकडीत अवघ्या बावीस वर्षांच्या ॲलेक्स मॅककिननच्या मानेचे मणके मोडले आणि तो चाकाच्या खुर्चीला खिळला. पकडणाऱ्यांपैकी एका खेळाडूवर सात सामन्यांची बंदी आली. त्या खेळात संशयित पकडीची नोंद पंच सामना चालू असतानाच करतो; मग चित्रफीत पुन्हा पाहिली जाते आणि किती सामने बाहेर बसायचे ते ठरते.

मुलांच्या बाबतीत मात्र या सगळ्याला दुप्पट धार येते, कारण मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. त्याच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पट्टी असते. उंची तिथून वाढते. वाढत्या वयात ही वाढपट्टी शेजारच्या अस्थिबंधांपेक्षाही कमकुवत असते. ज्या पिळाने मोठ्या माणसाचा घोटा नुसता मुरगळेल, त्याच पिळाने तेरा वर्षांच्या मुलाची वाढपट्टी सरकू शकते आणि पुढे हाडाची वाढच वाकडी होऊ शकते. शेतातल्या ज्वारीचे धांडेही असेच, पेराच्या बुडाशी जिथून वाढते तिथेच कोवळे असते. मुलींची वाढपट्टी साधारण चौदा-पंधराव्या वर्षी, मुलांची सोळा-सतराव्या वर्षी भरून येते, पण प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे. एकाच वर्गातल्या दोन चौदा वर्षांच्या मुलांच्या वजनात वीस किलोंचाही फरक असू शकतो.

आपल्या खेळाला हे ठाऊक आहे. सब-ज्युनियर गटात वयाबरोबर वजनाचीही अट असते, ५५ किलोंची. मैदानही लहान होते, पुरुषांचे १३ बाय १० मीटर तर यांचे ११ बाय ८. आणि डाव वीसऐवजी पंधरा मिनिटांचा. सामन्याआधी नखे तपासतात, अंगावर दागिना चालत नाही, तेल चालत नाही. तेल लावलेल्या अंगावर पकड घसरते, आणि घसरलेला हात कुठे जाऊन अडकेल याचा नेम नसतो.

मग शिक्षा. सरपंचाच्या, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचाच्या, खिशात तीन कार्डे असतात. हिरवे म्हणजे ताकीद. पिवळे म्हणजे दोन मिनिटे मैदानाबाहेर, आणि तेवढा वेळ संघाने एका गड्याविना खेळायचे. लाल म्हणजे सामन्यातून, आणि गरज पडल्यास स्पर्धेतूनही बाहेर. हिरवे पुन्हा पुन्हा ओढवून घेतले की पुढचे पिवळे होते, पिवळ्याचे लाल होते. इजा करणारी हिंसक पकड, गळा किंवा तोंड दाबणे, कात्री, हे सगळे या शिक्षेच्या यादीत नावानिशी आहे.

यात मला सर्वांत भावते ते पिवळे कार्ड. दोन मिनिटे हा काळ मुलाच्या वयाला अगदी बेतलेला आहे. एवढ्यात अपमान मुरत नाही, पण चूक अजून ताजी असते. धापा टाकत बाकावर बसलेल्या मुलाजवळ प्रशिक्षकाने गुडघ्यावर बसून सांगावे, ‘हात मानेवर गेला रे. कंबरेला जा, डोके बाजूला ठेव.’ हे ऐकण्याची त्याच्याइतकी तयारी त्या घडीला मैदानात दुसऱ्या कुणाची नसते.

आणि हे सांगणे त्याच्या स्वतःच्याही भल्याचे आहे. रग्बीतल्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की पकडीत होणाऱ्या अशा दुखापतींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पकडणाऱ्यालाच होतात. धोका धावणाऱ्यापेक्षा झेपावणाऱ्याला अधिक! उंच, उभ्याने मारलेल्या धडकेत डोक्याला डोके भिडते. म्हणूनच इंग्लंडने २०२३-२४ च्या हंगामापासून रग्बी युनियन या रग्बीच्या दुसऱ्या प्रकारात, हौशी पातळीवर, पकडीची उंची छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली आणली. म्हणजे कार्ड दाखवणारा सरपंच खाली पडलेल्या मुलाइतकाच पाडणाऱ्या मुलालाही जपत असतो.

गावातल्या स्पर्धेत चित्रफीत पुन्हा पाहणारी समिती नसते. तिथे सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि त्यांचे सहायक, एवढीच काय ती व्यवस्था. त्यांनी शिट्टी फुंकली की ते शेवटचे. त्यामुळे कडेला उभ्या असलेल्या आपल्यावर एक मोठे काम येते. चौदा वर्षांच्या पोराला पिवळे कार्ड मिळाले की गर्दी सरपंचावर ओरडते, ‘खेळू द्या की!’ आपल्या गावचा संघ असला तर जास्तच. ते ओरडणे थांबवायला हवे, आणि आयोजकांनी बक्षिसांच्या यादीइतक्याच ठळकपणे कार्डांचा नियम फलकावर लिहायला हवा. प्रशिक्षकांनी पहिल्या आठवड्यात पकड शिकवण्याआधी पडायला शिकवावे. आणि पुढच्या सामन्यात तुमच्या मुलाला पिवळे कार्ड दिसले, तर त्या सरपंचाला सामना संपल्यावर भेटा आणि त्याचे आभार माना. त्याने कुणाच्या तरी मुलाचा गुडघा वाचवला असेल, किंवा तुमच्याच मुलाची मान.