सूड, लाच आणि अर्धे सत्य

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे पोटापाण्यासाठी खानदेशातून सुरतेस गेली आहेत. त्यांची विचारपूस करण्यास आम्ही मागील उन्हाळ्यात कतारगामला गेलो होतो. हिऱ्यांच्या कारखान्यांनी गजबजलेल्या त्या वस्तीत, दिवसभर घंटीवर बसून हिरे घासणारे आमचे चार तरुण एका खोलीत राहतात. रात्री जपमाळेची प्रार्थना आटोपल्यावर त्यांनी मोबाईलवर 'अर्धसत्य' हा जुना चित्रपट लावला व आम्हांसही बसण्याचा आग्रह केला. चित्रपट संपला, तरी त्यांतील एक जण गप्पच होता. मग तो म्हणाला, "फादर, वेलणकरने केले तेच बरोबर. आमच्यासारख्याला दुसरा मार्ग कुठे आहे?"

त्याचे दुःख आम्हांस ठाऊक होते. गावी शेताच्या बांधावरून तंटा होऊन त्याच्या थोरल्या भावाचा हात मोडला होता. ठाण्यावर कोणी तक्रार लिहून घेतली नाही. समोरच्यांनी पैसे चारले अशी बोलवा होती. दिवाळीत कारखाने बंद झाले की गावी जाऊन हिशेब चुकता करायचा, असे या मुलाने मनाशी ठरविले होते. त्या रात्री आम्ही त्याच्याशी जे बोललो, तेच आज वाचकांपुढे मांडीत आहोत. कारण असा बांध आणि असा राग प्रत्येक गावात आहे.

'अर्धसत्य' हा चित्रपट गोविंद निहलानी यांनी १९८३ साली काढला. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या मराठी कथेवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. मुंबईचा फौजदार अनंत वेलणकर, म्हणजे ओम पुरी, हा सचोटीचा माणूस आहे. परंतु रामा शेट्टी नावाच्या गुंडाचे हात वरपर्यंत पोहोचलेले असल्यामुळे वेलणकरचा प्रत्येक प्रयत्न फुकट जातो. शेट्टीची ही भूमिका आपल्या सदाशिव अमरापूरकरांनी केली. नोकरी गमावून दारूच्या नादाने रस्त्यावर भटकणारा लोबो नावाचा एक अधिकारीही त्यात आहे. वेलणकरला त्याच्यात आपलेच उद्याचे रूप दिसते. शेवटी वेलणकर शेट्टीचा गळा दाबून त्याला ठार करतो आणि आपल्या पायांनी ठाण्यावर जाऊन स्वाधीन होतो.

आमच्या तरुणास हा शेवट फार भावला होता. आम्ही त्याला विचारले, "बाळा, वेलणकरच्या हातून पहिला मेला तो कोण?" तो क्षणभर थांबला. पहिला मेला तो रामा शेट्टी नव्हे. तो रेडिओच्या चोरीवरून पकडलेला एक फाटका भुरटा चोर होता. वरिष्ठांवरचा व शेट्टीवरचा सगळा राग वेलणकरने कोठडीत त्याच्यावर काढला आणि त्या मारात तो दगावला. बलवान गुंड सुरक्षित राहिला व गरीब मेला. पुढे तर ते प्रकरण निस्तरण्यासाठी वेलणकरला त्याच शेट्टीच्या दारी मदतीची याचना करण्यास जावे लागले. क्रोधाची रीत अशीच आहे. ज्याने अन्याय केला तो दूर असतो, म्हणून क्रोध हाताशी सापडेल त्या दुर्बळावर कोसळतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत गुन्हेगारीवर जे काळोखे चित्रपट निघाले, त्यांना फ्रेंच टीकाकारांनी 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. फ्रिट्झ लांग यांचा १९५३ सालचा 'द बिग हीट' हा त्यांतील एक नामांकित चित्रपट. त्याचीही कथा अशीच आहे. शहराचे पोलीस खाते एका गुंडाने विकत घेतलेले असते. बॅनियन हा प्रामाणिक अधिकारी त्याच्या आड येतो, तेव्हा त्याच्यासाठी मोटारीत ठेवलेल्या बॉम्बने त्याची पत्नी मरते. बॅनियन सूडाने पेटतो. परंतु शत्रू हाती सापडला असता, अखेरच्या क्षणी, हात आवरतो.

येथे आमच्या वाचकांस एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्या काळी अमेरिकन चित्रपटांना जी नियमावली लागू होती, तिचा मसुदा १९३० साली डॅनिएल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूंनी तयार केला होता. आजच्या काळातील कथेत सूडाचे समर्थन करू नये, असा नियम तीत होता. तरीही सूडाची किंमत या चित्रपटात चुकलेली नाही. ती डेबी नावाच्या एका दुर्दैवी स्त्रीने भरली आहे. बॅनियनशी बोलल्याच्या संशयावरून तिचा गुंड सोबती उकळत्या कॉफीने तिचा चेहरा भाजतो. बॅनियनने जो खून केला नाही तो ती करते आणि शेवटी स्वतः गोळीला बळी पडते. मुंबई असो की अमेरिका, सूडाचे बिल दुर्बळाच्याच नावावर निघते.

"आता तुझ्या गावच्या बिलावर कोणाचे नाव असेल?" आम्ही त्या मुलास विचारले. "तू तुरुंगात गेलास तर म्हातारी आई कोणाकडे पाहील? ज्याचा हात मोडला त्या भावाच्या शेतात नांगर कोण धरील?"

तो म्हणाला, "मग अन्याय मुकाट गिळायचा काय, फादर?"

मुळीच नाही. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात संत पौलाचे उदाहरण आहे. फेलिक्स सुभेदाराने त्याला दोन वर्षे कैदेत ठेवले, कारण पौलाकडून पैसे मिळतील अशी त्याला आशा होती. पौलाने लाच दिली नाही, सूडही घेतला नाही. पुढे दुसरा सुभेदार आला, तेव्हा रोमन नागरिक म्हणून असलेला आपला हक्क बजावून त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. ज्या पौलाने रोमकरांस सूड देवावर सोपविण्यास सांगितले, त्यानेच कायद्याचे दारही ठोठावले. क्षमा करणे आणि न्याय मागणे यांत विरोध नाही.

ते दार आपल्यालाही आहे. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत व दखलपात्र गुन्हा आहे. अशा गुन्ह्याची खबर नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ठाण्याने नकार दिल्यास लेखी तक्रार टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते. तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. नोंदविलेल्या खबरीची प्रत फुकट मिळते. कोणी लाच मागितल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक महाराष्ट्रात आणि गुजरातेतही चालतो.

आणखी एक गोष्ट, जी ऐकण्यास कडू आहे. आपल्यावर अन्याय झाला की आपण लाचखोरास शिव्या देतो. पण आपले काम अडले की आपणच खिशात हात घालतो. योहान बाप्तिस्ताने शिपायांस पैसे उकळू नका, पगारावर समाधान माना असे बजावले. तोच बोध देणाऱ्यासही लागू आहे. पापनिवेदनाच्या वेळी हे पाप आठविणारे फार थोडे. लाच घेणारा कायदा विकतो, देणारा तो विकत घेतो आणि सूड घेणारा तो लुटतो. तिघांच्याही हातून गरिबाचे एकमेव छत्र मोडते.

त्या रात्री बारा वाजेपर्यंत बसून त्या मुलाने अधीक्षकांच्या नावे तक्रार लिहिली. सकाळी ती रजिस्टर टपालाने गेली. दिवाळीत तो गावी गेला, तो भावाचे शेत नांगरण्यासाठी. प्रकरणाचा निकाल अजून लागलेला नाही आणि तो त्याच्या बाजूने लागेल असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. परंतु त्या घरी नाताळचा दिवा लागला, आई-मुले एकत्र जेवली, आणि बांधापलीकडच्या घरीही कोणाचे रडणे ऐकू आले नाही. वाचकहो, त्या दोन्ही घरांसाठी प्रार्थना करा.