रुग्णाची माहिती ही ठेव : वैदेकीय व्यवहार आणि नवा कायदा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्यांनी शिष्यास जो उपदेश केला आहे, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत अशी स्पष्ट आज्ञा आहे. त्या काळी ही आज्ञा पाळण्यासाठी वैद्याने स्वतःची जीभ आवरणे पुरेसे होते. आज रुग्णाचे नाव, वय, दूरध्वनी क्रमांक, निदान आणि औषधयोजना हे सारे दवाखान्यातील संगणकात व वैद्याच्या खिशातील मोबाइलमध्ये साठलेले असते. वैद्य मौन पाळत असला तरी माहिती बाहेर जाऊ शकते. म्हणूनच यासंबंधीचा कायदा वैद्यवर्गाने व औषधी दुकानदारांनी समजून घ्यावा, या हेतूने आम्ही प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

कायद्याची वाटचाल

आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. त्याचा मूळ भर संगणकीय व्यवहारांना मान्यता देण्यावर होता. २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम ४३-अ आले आणि संवेदनशील माहिती निष्काळजीपणे हाताळून कोणाचे नुकसान केल्यास भरपाईची तरतूद झाली. २०११ च्या नियमांनी शारीरिक व मानसिक आरोग्य तसेच वैद्यकीय नोंदी यांना 'संवेदनशील' ठरविले. हे कलम केवळ मोठ्या कंपन्यांसाठी आहे, असा समज आढळतो. वस्तुतः त्यातील व्याख्येत एकट्या मालकाचा व्यवसायही समाविष्ट आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा अहवाल आला, २०१९ चे विधेयक मांडले गेले व २०२२ मध्ये मागे घेतले गेले. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले व मुख्य कर्तव्यांच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली.

कायद्याचा आशय

सदर कायदा डिजिटल माहितीस लागू होतो. केवळ कागदावर राहणारी रुग्णपत्रिका त्याच्या कक्षेत येत नाही. मात्र तोच कागद संगणकात उतरविला की तो कक्षेत येतो. माहिती का व कशी वापरायची हे जो ठरवितो, त्याच्यावर कायद्याने विश्वस्तासारखी जबाबदारी टाकली आहे. आपला दवाखाना वा दुकान लहान आहे, एवढ्यावरून आपोआप सूट मिळत नाही.

मुख्य सूत्र असे की, माहिती ज्या कारणासाठी दिली गेली त्याच कारणासाठी वापरावी. संमती मोकळेपणाने, समजून व विशिष्ट कारणासाठी दिलेली असावी आणि ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे असावे. संमतीसाठीची सूचना रुग्णास मराठीतही मिळण्याची सोय असली पाहिजे.

या कायद्यातील दोन उदाहरणे आपल्या व्यवसायाच्या अगदी जवळची आहेत. पहिल्यात एक स्त्री औषधाच्या दुकानातून खरेदी करते आणि पैसे मिळाल्याची पोच मोबाइलवर पाठविण्यास सांगून आपली माहिती देते. दुकानदाराने ती माहिती पोच पाठविण्यासाठी वापरणे वैध आहे. यावरून जाणावे की, त्याच क्रमांकावर पुढे च्यवनप्राशाची जाहिरात पाठवायची असेल तर त्यासाठी निराळी संमती लागेल. दुसऱ्या उदाहरणात दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणारे ॲप रुग्णाच्या मोबाइलमधील संपर्कांची यादीही मागते. रुग्णाने होकार दिला तरी सल्ल्यासाठी त्या यादीची गरज नसल्याने तेवढ्यापुरता तो होकार ग्राह्य धरला जात नाही.

जिवावर बेतलेल्या तातडीच्या प्रसंगी उपचारासाठी संमतीची अट आड येत नाही. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांच्या पडताळलेल्या संमतीचा नियम आहे. परंतु मुलाच्या आरोग्यरक्षणासाठी जेवढे आवश्यक तेवढ्यापुरती दवाखाने व वैद्यकीय व्यावसायिक यांना त्यातून मोकळीक आहे.

दंड आणि एक उणीव

सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही कमाल मर्यादा आहे. दंड ठरविताना चुकीचे गांभीर्य पाहिले जाते. माहिती फुटल्यास संबंधित रुग्णांना व माहिती संरक्षण मंडळास विनाविलंब कळवावे लागते, आणि मंडळास सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यावा लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'वर संगणकीय हल्ला झाला, तेव्हा अनेक दिवस तेथील कामकाज हातांनी करावे लागले होते. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर एकाच परवलीच्या शब्दावर चालणाऱ्या दवाखान्याने सावध राहणे अगत्याचे आहे.

एक उणीव मात्र नमूद केली पाहिजे. नव्या कायद्यात आरोग्यविषयक माहितीस वेगळा, अधिक संरक्षित वर्ग दिलेला नाही. तसेच दंडाची रक्कम शासनाच्या संचित निधीत जमा होते, रुग्णास मिळत नाही. आणि भरपाई देणारे जुने कलम ४३-अ या कायद्याने रद्द व्हावयाचे आहे. आमच्या मते यामुळे रुग्णाची भिस्त वैद्याच्या सदाचारावरच अधिक राहते.

व्यवहारात काय करावे

१) किटिभ, श्वित्र आदी विकारांची छायाचित्रे चर्चेसाठी व्हॉट्सॲप गटावर टाकण्यापूर्वी रुग्णाची संमती घ्यावी. नाव, चेहरा व गाव वगळावे.

२) वंध्यत्व, अर्श वा मानस विकार यांच्या रुग्णांची यादी कोणत्याही औषध कंपनीच्या प्रतिनिधीस देऊ नये.

३) संगणकप्रणाली पुरविणाऱ्याशी लेखी करार करावा. त्याच्या हातून माहिती फुटली तरी कायद्यापुढे उत्तरदायी आपणच असतो.

४) प्रत्येक सेवकास स्वतंत्र परवलीचा शब्द द्यावा व नोकरी सोडताच तो बंद करावा.

५) काम संपलेली माहिती, इतर कायद्यान्वये जपून ठेवणे आवश्यक नसल्यास, काढून टाकावी.

आपली चिकित्सा प्रश्नपरीक्षेवर फार अवलंबून आहे. मलप्रवृत्ती, आर्तव, मैथुन, व्यसन, मनातील भय यांविषयी रुग्ण मोकळेपणाने बोलला नाही, तर हेतू व संप्राप्ती यांचे आकलन अपुरे राहते. जो विकार शेजाऱ्याला कळेल अशी धास्ती आहे, तो रुग्ण वैद्यापासूनही लपवितो आणि उपचार चुकतो. तेव्हा दंडाचे भय बाजूस ठेवले तरी अचूक निदानासाठी ही दक्षता आवश्यक आहे. वैद्यबंधुभगिनींनी आणि औषधी दुकानदारांनी पुढील अंक हाती येण्यापूर्वी आपल्याकडील रुग्णमाहिती कोठे साठते व ती कोण कोण पाहू शकते, याची एकदा लेखी नोंद करावी, अशी आमची विनंती आहे.