गिळला, पण पचला नाही

भातकापणी आटोपली की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या आणि बांधकामांच्या वाटेला लागतात. परततात ती पावसाच्या तोंडावर. क्षयाचे औषध मात्र साधारण सहा महिने न चुकता घ्यायचे असते, आणि पेशंट गावात नसला की आशाताईंची दमछाक होते. एवढे महिने औषध लागते, कारण हा जंतू आपल्याच पेशीत दबा धरून बसतो.

श्वासातून फुफ्फुसात उतरलेल्या क्षयजंतूला भक्षक पेशी लगेच गिळते. तिच्या आत तो एका इवल्या पिशवीत बंद होतो. एरवी या पिशवीत पंपाने आम्ल भरले जाते, मग पाचक रसांची दुसरी पिशवी तिला येऊन मिळते आणि जंतूचा फडशा पडतो. क्षयजंतू नेमका इथेच घात करतो. ‘पीटीपीए’ नावाचे त्याचे प्रथिन त्या पंपाच्या एका भागाला चिकटते. आम्ल वाढत नाही. दोन पिशव्या जोडणाऱ्या, पेशीच्याच प्रथिनालाही पीटीपीए निकामी करते. ‘सॅपएम’ हे दुसरे प्रथिन पिशवीवरची खूणच पुसून टाकते, त्यामुळे पाचक रस तिथवर पोचतच नाहीत. ‘ईसॅट-६’ हे तिसरे प्रथिन ज्या यंत्रणेतून बाहेर पडते, ती तर पिशवीचे आवरणच फोडायला मदत करते. पहारेकऱ्याच्याच चौकीत चोराने बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार.

गंमत म्हणजे ईसॅट-६ हेच जंतूची चुगलीही करते. १९२१ पासून वापरात असलेल्या बीसीजी लशीतल्या जंतूने या प्रथिनाचा जनुक केव्हाच गमावला आहे. म्हणून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सी-टीबी’ त्वचाचाचणी ईसॅट-६ आणि त्याच्या जोडीदार प्रथिनावर बेतलेली आहे. हातावर सुई टोचायची, दोन-तीन दिवसांनी सूज मोजायची. लस घेतलेल्यांच्या बाबतीत ती जुन्या चाचणीसारखी फसत नाही. पण सूज मोजायला माणूस गावात हवा!

जंतूची ही नाकेबंदी मोडता येते. रोगप्रतिकारक टी-पेशींकडून गॅमा इंटरफेरॉनचा इशारा आला की भक्षक पेशी पुन्हा पचवू लागते. मात्र कुपोषणाने टी-पेशीच दुबळ्या पडतात, आणि कुपोषण हे डहाणू-तलासरीचे जुने दुखणे आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. प्रथिनांशी लढायला प्रथिनेच लागतात, तीही ताटातली.

रुग्णाला सरकारकडून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० ऐवजी १,००० रुपये मिळतात. तेवढ्यात अख्ख्या घराचे पोषण भागणार नाही. सरकारी उपक्रमात ‘निक्षय मित्र’ म्हणून नाव नोंदवून कुणालाही शिध्याचा भार उचलता येतो, आता रुग्णाच्या घरच्यांसाठीही. मुंबईच्या वाचकांनो, डहाणू लोकलने जोडलेले आहे. नोंदणी करताना डहाणू-तलासरीचा पालघर जिल्हा जरूर निवडा.