सातूच्या कणसाने ठरणारे वर्ष

जेरुसलेमच्या पश्चिमेस गेझेर येथे १९०८ मध्ये चुनखडीची एक लहान पाटी सापडली. इ. स. पूर्व दहाव्या शतकातील या पाटीवर वर्षाचे बारा महिने शेतीच्या कामांनी मोजले आहेत: फळांची साठवण दोन महिने, पेरणी दोन, उशिराची पेरणी दोन, नंतर जवसाची काढणी, सातूची कापणी आणि उरलेल्या धान्याची कापणी व मोजणी प्रत्येकी एक, द्राक्षवेलींची निगा दोन आणि उन्हाळी फळे एक.

प्राचीन हिब्रू सणही याच क्रमाने येत. वल्हांडणाच्या वेळी सातूची पहिली पेंढी अर्पण होई. त्यापासून पन्नासाव्या दिवशी शावुओत हा गव्हाच्या कापणीचा सण येई आणि द्राक्षे व ऑलिव्ह गोळा होताना, शरद ऋतूत, सुक्कोत हा मांडवांचा सण.

महिने चांद्र असल्याने वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी पडे. ही तूट तशीच साचली असती, तर वल्हांडण हिवाळ्यात सरकून अर्पणासाठी सातूच मिळाला नसता. म्हणून वसंतापूर्वी अधिक महिना धरावा की नाही, हे ठरवताना शेतातील सातूची पक्वता ही एक कसोटी मानली जाई. पुढे १९ वर्षांत ७ अधिक महिने हे गणित रूढ झाले. आपल्याकडील अधिक मासामागेही चांद्र आणि सौर वर्षांचा असाच मेळ आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. पेरणी वा काढणीची शिफारस करताना तारखेवर विसंबून न राहता जमिनीतील ओल आणि दाण्याची पक्वता शेतात जाऊन पाहावी. पाऊसमान बदलत असताना हे जुने तत्त्व अधिकच उपयोगी आहे.