मायक्रोग्लियातला कचरा: जास्त दिसतो म्हणजे जास्त उचलला जातो का?

मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. मेलेल्या पेशी आणि बिघडलेली प्रथिनं गिळून मेंदू साफ ठेवणं हे त्यांचं एक मोठं काम. पण सफाई करणाऱ्याच्याच घरात कचरा साठला तर?

हा कचरा म्हणजे बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया. मायटोकॉन्ड्रियाचा विद्युतदाब उतरला की त्याच्या बाहेरच्या पटलावर पिंक-१ हे प्रथिन साठतं आणि पार्किनला बोलावून घेतं. पार्किन युबिक्विटिनची खूण चिकटवतं. मग त्याभोवती ऑटोफॅगोसोम नावाची पिशवी तयार होते, ती लायसोसोमला मिळते आणि आतला माल पचतो. ही झाली मायटोफॅजी.

हे काम रखडलं की मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पेशीद्रवात गळू शकतो. पेशीला वाटतं, विषाणू शिरला! सीगॅस-स्टिंग ही धोक्याची यंत्रणा जागी होते आणि दाह सुरू होतो. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात म्हाताऱ्या उंदरांच्या मायक्रोग्लियात हेच दिसलं. स्टिंग रोखल्यावर मेंदूतला दाह कमी झाला आणि उंदरांची स्मरणशक्तीही सुधारली.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. समजा, म्हाताऱ्या मायक्रोग्लियात एलसी३-२ची पट्टी जाड दिसली, म्हणजे ऑटोफॅगोसोम वाढले. मग 'रिसायकलिंग वाढलं' असं लिहायचं का? थांबा. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग दिसला, तर लोकांनी कचरा जास्त काढला असेल, किंवा घंटागाडीच आली नसेल. फोटोवरून हे कळत नाही.

म्हणून बॅफिलोमायसिन देऊन लायसोसोम मुद्दाम बंद करतात. पट्टी आणखी जाड झाली, तर गाडी चालू होती. काहीच फरक पडला नाही, तर ती आधीच अडकली होती. शिवाय एलसी३ फक्त मायटोफॅजीतच नाही, इतर ऑटोफॅजीतही दिसतं. मायटोकॉन्ड्रियासाठी एमटी-कीमासारखी वेगळी खूण लागते. आणि म्हाताऱ्या पेशींतलं लिपोफ्युसिन स्वतःच चमकतं, त्यामुळे रंग न दिलेला कंट्रोल ठेवाच.

एवढा खटाटोप कशाला? कारण उपचार यावर ठरतो. सुरुवातच मंदावली असेल तर मायटोफॅजी वाढवणारं औषध उपयोगी पडेल. पण लायसोसोम तुंबला असेल, तर त्याच औषधाने पिशव्यांचा ढीग आणखी वाढू शकतो. म्हणून पुढचा पेपर वाचताना आधी एवढंच शोधा: यांनी ढीग मोजलाय की गाडीचा वेग?