परिषदेच्या पाहुण्यांसाठी : काठीची वाट

परिषदेचे माहितीपत्रक हाती पडले की आपण त्यात काय पाहतो? दिनांक, स्थळ, निवासाची सोय, भोजनाची वेळ आणि अगदी शेवटी 'परिसरातील प्रेक्षणीय स्थळे'. आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता. तो जळगावच्या, १९९० साली स्थापन झालेल्या आणि आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो. या बाजूस परिषदेला आलेले अभ्यासक, 'काठीची होळी पाहायची आहे, कसे जावे?' असे हमखास विचारतात. माझे घर त्याच डोंगरात असल्याने उत्तर देण्याचे काम माझ्याकडे येते. ते एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम वाट. जळगावहून सुरत मार्गाच्या गाडीने अमळनेर, दोंडाईचा करीत नंदुरबार गाठावे. तेथून एस. टी. ने तळोदामार्गे अक्कलकुवा. पुढे देवगोईचा घाट चढला की मोलगी, आणि मोलगीच्या परिसरातच काठी. हे सातपुड्यातले खेडे आहे. मुक्कामाची सोय नंदुरबारला किंवा अक्कलकुव्यास आधी करून ठेवावी. सोहळा रात्रभर चालतो, म्हणून पांघरूण जवळ असू द्यावे.

दुसरी गोष्ट तारखेची. परिषदेची तारीख इंग्रजी महिन्याने ठरते, होळीची फाल्गुनी पौर्णिमेने. तेव्हा गतवर्षीच्या तारखेवर विसंबून आरक्षण करू नये. पौर्णिमेच्या रात्री ढोल वाजू लागतात आणि होळी पेटते ती दुसऱ्या दिवशी पहाटे. उंच बांबू उभा करण्याचा खड्डा कुदळ-फावड्याने खणत नाहीत, हातांनी उकरतात. पूर्वी काठी हे पश्चिम खानदेशातील मेहवासी संस्थानांपैकी एक होते. म्हणून या होळीस 'राजवाडी होळी' म्हणतात. संस्थान गेले, मान राहिला.

आता माहितीपत्रकात कधीच न छापली जाणारी गोष्ट. कमरेला भोपळे व घुंगरू बांधून, अंग रंगवून, डोक्यावर टोप घालून नाचणारे बुध्या आणि बावा हे पाहुण्यांसाठी सजलेले नट नव्हेत. ते नवस फेडणारे व्रतस्थ असतात. या व्रतास 'पालनी' म्हणतात. पालनीच्या दिवसांत खाटेवर बसायचे-निजायचे नाही, जमिनीवर झोपायचे, ब्रह्मचर्य पाळायचे.

काही वर्षांपूर्वी एक अभ्यासक मुलाखतीसाठी आमच्या अंगणात आले. काका पालनीत होते. पाहुण्यांनी मोठ्या आपुलकीने स्वतःशेजारी खाटेवर जागा करून दिली. 'बसा, बसा' म्हणून ते आग्रह करीत राहिले आणि काका तासभर उभेच राहिले. मी घरात पाणी, चहा पाहत होतो. दुभाषाचे काम अर्धेच केले. पुढे परजिल्ह्यातील एका चर्चासत्रात त्याच विद्वानांनी निष्कर्ष मांडला, 'आदिवासी माणूस शहरी माणसासमोर संकोचाने बसतही नाही.' सभागृहात मी होतो. धीर झाला नाही; गप्प बसलो.

काका संकोचाने उभे नव्हते, व्रताने उभे होते. एक वाक्य वेळीच सांगितले असते, तर एक चुकीचे वाक्य अभ्यासात शिरले नसते. दोष एकट्या पाहुण्यांचा नाही. वाट दाखवणाऱ्याने वाटेबरोबर रीतही सांगायला हवी होती.

म्हणून माझी विनंती एवढीच. माहितीपत्रकात बसच्या माहितीखाली चार ओळी वाढवाव्यात : छायाचित्र विचारून घ्यावे; व्रतस्थास खाटेवर बसण्याचा आग्रह करू नये; गावची बोली जाणणारा सोबती बरोबर असावा; आणि उलगडा न झाल्यास लिहिण्याआधी विचारावे.

पुढच्या होळीची तयारी सुरू झाली की काका मला विचारतात, "तुझे पाहुणे येणार ना?" ते रागावून विचारत नाहीत. पण 'हो' म्हणण्याआधी हा लेख पूर्ण करणे मला आवश्यक वाटले.